आईची सही ‘फॉर्मॅलिटी’ नाही, आणि आत्याची पण नाही

या वेळचं पत्र आपल्या बडोद्यातलंच आहे, दांडिया बाजाराच्या मागच्या एका पोळमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीतून आलंय. पत्र लांब होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

“ताई, नमस्कार. आमचं घर आजोबांनी १९४१ साली स्वतःच्या कमाईतून बांधलं, ते संस्थानच्या नोकरीत होते. तीन मजले, सागवानी खांब, मधे चौक. आजोबा १९६८ ला गेले, आजी १९८७ ला, बाबा २०१९ ला. मृत्युपत्र कोणीच केलं नव्हतं. प्रॉपर्टी कार्डावर अजून बाबांचंच एकट्याचं नाव आहे. इथे मी, बायको, दोन मुलं आणि ७६ वर्षांची आई राहतो. दादा पुण्यात, ताई कॅनडात, ती आता तिथलीच सिटिझन आहे. एका पार्टीने १ कोटी २० लाख सांगितलेत, त्यातले ४० कॅश. दलाल म्हणतो आधी आई आणि ताईकडून हक्क कमी (हिस्सा सोडल्याचा कागद) करून घ्या, मग दस्तावेजात तुम्ही दोघे भाऊच राहाल, काम सोपं. ताई पण म्हणाली पाठव पेपर, सही करते. आम्ही दोघं ६०-६० घेऊ, माझ्या साठात लोन टाकून मी वासणा-भायलीकडे प्लॉट घेऊन घर बांधीन, आई अर्थात माझ्याकडेच राहणार. आत्या ग्वाल्हेरला असते, ८१ वर्षांची आहे, ती काही मागणार नाही. फक्त आई गप्प झालीये. ‘तुम्हाला करायचं ते करा’ एवढंच बोलते आणि दिवसभर देवघरातली भांडी घासत बसते. विकावं का? आणि आईला कसं समजवायचं?”

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडकले, आत्या काही मागणार नाही. तिथूनच सुरू करते कारण तुमचं सगळं गणित त्या एका वाक्यावर उभं आहे आणि ते गणित चुकलंय.

मी कोठीजवळ एका वकिलाच्या ऑफिसात २६ वर्षं काम केलं, दस्तावेज टाइप करणं, सिटी सर्व्हेच्या नकला काढणं, पार्टीला सब-रजिस्ट्रारकडे घेऊन जाणं, हेच. मी वकील नाही, तर खाली जे लिहितेय ते घेऊन एका चांगल्या दिवाणी वकिलाकडे जा आणि कागद दाखवा, पण हे असलं प्रकरण मी इतक्या वेळा बघितलंय की कागद न बघताही काळजी वाटतेय.

बघा, घर आजोबांनी स्वतःच्या पैशाने बांधलं आणि ते १९६८ ला मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, म्हणजे आजोबा गेले तेव्हा तो लागू होऊन १२ वर्षं झाली होती, आणि त्या कायद्यात आजोबांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगा आणि मुलगी तिघांना सारखा हिस्सा आहे. मुलींना हक्क २००५ नंतरच मिळाला असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, पण २००५ चा बदल मुख्यतः एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मजात हक्काचा आहे, बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासूनच होता. म्हणजे १९६८ ला आजीचा एक तृतीयांश, बाबांचा एक तृतीयांश, आत्यांचा एक तृतीयांश. मग १९८७ ला आजी गेल्या, त्यांचा तिसरा हिस्सा बाबा आणि आत्या दोघांत अर्धा-अर्धा. करा बेरीज. बाबा निम्मे, आत्या निम्म्या. आणि २०१९ ला बाबा गेल्यावर त्यांच्या निम्म्याचे चार वाटे झाले, आई, दादा, ताई, तुम्ही, प्रत्येकी घराचा एक अष्टमांश.

१ कोटी २० लाखांत आत्यांचे ६० लाख आणि तुमचे १५. दादाचे १५, ताईचे १५, आईंचे १५. तुम्ही ६० धरून प्लॉट बघताय.

हे वाचून धक्का बसला असेल, मला माहितीये, थोडं पाणी प्या आणि पुढे वाचा. आता तुम्ही म्हणाल की प्रॉपर्टी कार्डावर तर फक्त बाबांचं नाव आहे. हो, त्या काळी सर्रास असंच व्हायचं, बाप गेला की मुलाचं नाव चढवायचं, मुलगी सासरी गेलेली, तिला कोण विचारतंय. पण कार्डावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे, ती सरकारी दप्तरातली नोंद आहे, त्याने हिस्सा येतही नाही आणि जातही नाही. एक शक्यता आहे की आत्यांनी मागे कधी रजिस्टर्ड हक्क कमी करून दिलं असेल, महाराष्ट्रात ज्याला हक्कसोडपत्र म्हणतात तेच. म्हणून पहिलं काम हे करा की सिटी सर्व्हेतून १९६८ पासूनच्या सगळ्या नोंदींच्या नकला काढा आणि सब-रजिस्ट्रारकडे जुना सर्च काढायला लावा. तसा कागद सापडला आणि त्यात आजींकडून आलेला हिस्साही सोडलेला असेल तर वरचं गणित बदलेल, मग घर तुमचं चौघांचं आणि प्रत्येकी चौथाई. साधा जबाब किंवा संमतीची चिठ्ठी सापडली तर ती वकिलाला दाखवा, त्यावर खुश होऊन पुढे जाऊ नका.

आणि ५५ हून जास्त वर्षांत आत्यांनी काही मागितलं नाही म्हणून हक्क संपला असंही नाही. घरात राहणारा एक भागीदार बाकीच्या भागीदारांच्या वतीनेच राहतो असं कायदा धरतो. शिवाय मागितलं नाही यामागे एक कारण आहे जे फार कमी लोकांना माहिती असतं. १९५६ च्या त्या कायद्यात कलम २३ होतं, त्यात होतं की राहत्या घरात मुलीचा हिस्सा असला तरी घरातले पुरुष वाटणी करत नाहीत तोपर्यंत तिला वाटणी मागता येणार नाही. हिस्सा आहे पण मागायचा नाही! ते कलम ९ सप्टेंबर २००५ ला गेलं. तोवर तुमच्या आत्या साठीला आलेल्या. म्हणजे ज्या वयात मागितलं असतं त्या वयात कायद्यानेच तोंड बंद केलेलं आणि मग भावाशी राखी-भाऊबीजेचं नातं, कोण बोलणार.

दलालाला हे कळलेलं नाही किंवा कळून तो बोलत नाहीये. पण घेणाऱ्या पार्टीचा वकील टायटल बघेल, पेपरात जाहीर नोटीस देईल, ती नोटीस आत्यांच्या मुलांपर्यंत पोचली की हरकत येईल, आणि पार्टीला बँकेचं लोन हवं असेल तर बँकेचा वकील पेढीनामा मागेल ज्यात आजोबांपासूनची सगळी माणसं लिहावी लागतात. पेढीनाम्यात आत्यांचं नाव गाळलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं, हे लक्षात ठेवा. बानाखत (विक्री करण्याचा करार) करून टोकन घेतलं आणि मग हे निघालं तर टोकन परत, शिवाय दावा. हे सगळं सांगितलं खरं पण भीतीपोटी आत्यांना विचारा असं मला म्हणायचं नाहीये. त्यांचं आहे म्हणून विचारा.

आता आईंचं.

माझं माहेर इथेच, बडोद्याच्या वाडी भागात. १९९४ मध्ये वडील गेले, सहा महिन्यांत भावांनी घर विकायचं ठरवलं, आणि आईच्या आणि माझ्या हक्क कमीचा कागद मीच टाइप केला, ऑफिसात संध्याकाळी सगळे गेल्यावर बसून. भाऊ वाईट नव्हते. तुमच्यासारखंच म्हणाले, आई अर्थात आमच्याकडेच राहणार. राहिली पण. ११ वर्षं, चार महिने एकाकडे, चार महिने दुसऱ्याकडे, चार महिने माझ्याकडे, एक निळी रेक्झिनची बॅग घेऊन. कोणी तिला उपाशी ठेवलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. पण माझ्या घरी ती पंखा लावायच्या आधी विचारायची. चार वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, चहा टाकू का गं? ज्या बाईने ४० वर्षं एका घरात सगळ्यांना विचारलं की चहा टाकू का, ती तेव्हा देण्यासाठी विचारायची आणि आता परवानगीसाठी. शब्द तेच. मला ते कळायला फार वर्षं लागली आणि कळलं तेव्हा ती गेली होती. तो कागद मी टाइप केला होता, त्यात लिहिलं होतं, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.

म्हणून भाऊ, हात जोडून सांगते, आईंकडून हक्क कमी करून घेऊ नका. एक अष्टमांश असो नाहीतर चौथाई, तो त्यांच्या नावावर राहू द्या, आणि घर विकलं तर त्यांचा चेक त्यांच्या नावाचा निघू द्या, त्यांच्या एकटीच्या खात्यात. काम सोपं होतं म्हणतो ना दलाल, कोणाचं सोपं होतं? चार सह्यांच्या जागी दोन सह्या घ्यायच्या एवढाच फरक आहे, सब-रजिस्ट्रारकडे एका दुपारचं काम. तेवढ्यासाठी एक बाई तिच्या आयुष्यातल्या एकमेव मिळकतीवरून उतरते. हक्क कमीला स्टॅम्प अगदी थोडका लागतो म्हणून लोकांना तो कागदही हलका वाटतो, पण एकदा रजिस्टर झाला की मागे येत नाही.

कोणी सांगेल की २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, मुलांनी सांभाळलं नाही तर आईवडिलांना दिलेली मिळकत परत मिळू शकते. आहे कायदा, चांगला आहे, सांभाळायच्या अटीवर दिलं असेल तर ट्रिब्युनल तो दस्तावेज रद्द करू शकतं. पण त्यासाठी आईने मुलाविरुद्ध अर्ज करायचा. २६ वर्षांत माझ्यासमोर अशा आया आल्या, पदराने डोळे पुसत बसायच्या, फॉर्म भरून व्हायचा, आणि सहीच्या वेळी उठून जायच्या.

ताईंचं पण तेच, थोडं वेगळं. त्या लांबून म्हणतायत पाठव पेपर. बहिणी असंच म्हणतात. त्यांना आधी आकडा सांगा, मग विचारा. आकडा कळूनही त्यांना तुम्हाला द्यायचं असेल तर आनंदाने घ्या, आणि पैसे मिळाल्यावर त्यांनी खात्यातून दिलेले बरे, ते देणं त्यांनाही कळेल आणि तुमच्या मुलांनाही. तांत्रिक बाजू एवढीच की त्या येऊ शकत नसतील तर तिथल्या भारतीय वकिलातीत पॉवर ऑफ अटर्नी करून पाठवावी लागेल, ती इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्यायची, आणि त्यांच्या हिश्श्यावर घेणाऱ्याला एनआरआयच्या नियमाने टॅक्स कापावा लागतो, नेहमीचा १% चालत नाही. कमी कापण्याचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून आधी काढता येतं, त्याला वेळ लागतो, तर ते काम बानाखताच्या आधीच सीएकडे द्या.

कॅशचं मी सरळ सांगते, नको. ४० लाख कॅश घेतली की ती कोणाची? दस्तावेजात ८० लाख दिसतील, आत्यांचा हिस्सा मग ८० वर की १ कोटी २० वर? आईंच्या खात्यात १० जातील आणि बाकीचे ५ दादाच्या कपाटात. जिथे हिस्सेदार पाच आहेत आणि त्यातल्या तीन बायका व्यवहारात बसलेल्या नाहीत तिथे कॅशमध्ये त्यांचाच वाटा विरघळतो, नेहमी. शिवाय जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड आहे. आणि १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री, म्हणजे सरकारी दर, दुप्पट झालीये, तर किंमत खाली दाखवायला जागा पूर्वीइतकी उरलेली पण नाही. पार्टी पूर्ण चेकने घ्यायला तयार नसेल तर पार्टी बदला.

टॅक्सची भीती घालून कॅश गळ्यात मारतात म्हणून तेही सांगते. घर वारसाने आलेलं आणि जुनं, तर १ एप्रिल २००१ ची किंमत सरकारमान्य व्हॅल्युअरकडून काढून घ्यायची, नफा त्यावर मोजतात. इथे राहणाऱ्यांना दोन पर्याय आहेत, महागाईचा निर्देशांक न लावता १२.५% किंवा लावून २०%, जे कमी पडेल ते. ताईंना एनआरआय म्हणून फक्त पहिला. आणि प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा भरायचा. नफा दुसऱ्या घरात घातला तर सूट आहे, विकत घ्यायला दोन वर्षं, बांधायला तीन. १५ लाखांच्या हिश्श्यावर एवढा टॅक्स येतच नाही की त्यासाठी काळजावर दगड ठेवावा.

अजून एक, जुन्या शहरातले बरेच भाग अशांत धाऱ्यात, म्हणजे ‘अशांत’ जाहीर केलेल्या भागातल्या मिळकतींच्या कायद्यात येतात, तुमची पोळ येत असेल तर दस्तावेजाच्या आधी कलेक्टरची परवानगी लागते, त्याशिवाय केलेला व्यवहार कायद्यात टिकतच नाही. सिटी सर्व्हे नंबर देऊन विचारून घ्या. त्यात महिने जातात म्हणून नव्या घराच्या तारखा त्या हिशेबाने ठरवा.

विकावं का हे तुम्ही पहिलं विचारलं होतं आणि मी इतक्या खाली आले. माझं मत, विकणं चूक नाही. लोक जुन्या घराबद्दल फार गहिवरून लिहितात पण तिसऱ्या मजल्यापर्यंतचा तो उभा दगडी जिना, रात्री काही झालं तर ॲम्ब्युलन्स पोळच्या तोंडाशी थांबणार आणि माणसाला खुर्चीवर बसवून आणायचं, पावसाळ्यात भिंतींना ओल, हे ७६ व्या वर्षी कोणाला झेपतं? मात्र पाच जणांचं घर पाच जणांनी विकायचं. आणि आत्या नाही म्हणाल्या तर नाही. मग राहा, खालच्या मजल्यावर आईंची खोली आणि बाथरूम करून घ्या, दुरुस्तीचा खर्च सगळ्यांना लिहून कळवा, तोही एक मार्ग आहे आणि वाईट नाही.

विकलंच तर लाकूड विसरू नका. तुमच्या घरातले सागवानी खांब, तुळया, दारांच्या चौकटी, झोपाळ्याच्या कड्या, ह्याला आज वेगळी किंमत येते आणि ती बहुतेक वेळा घेणारा फुकट नेतो कारण बानाखतात एक ओळ नसते. आधी वेगळा भाव करा आणि काय तुम्ही नेणार ते लिहून घ्या. देवघराची चौकट आणि झोपाळा तर काही झालं तरी न्या.

आता नवं घर. १५ लाख आणि लोन यात प्लॉट आणि बांधकाम बसेल असं मला वाटत नाही, तुमच्या पगाराचा आकडा तुम्ही लिहिला नाहीये पण दोन मुलं शिकतायत. तयार टेनामेंट (सोसायटीतलं स्वतंत्र घर) किंवा लिफ्टवाला फ्लॅट बघा, थोडा जुना चालेल. आई स्वतःच्या मर्जीने त्यांचे १५ यात घालत असतील तर दस्तावेजात त्यांचं नाव आणि हिश्श्याचा टक्का स्पष्ट लिहा. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्यूटी ४.९% आणि नोंदणी फी १%, घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर ती १% माफ आहे, तर आई आणि तुमची बायको दोघींच्या नावाने घ्यायचा विचार पण करा, मी थट्टा करत नाहीये. आणि आईंना पैसे घरात घालायचे नसतील तर पोस्टातल्या किंवा बँकेतल्या सिनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवा, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तीन महिन्यांनी व्याज त्यांच्या खात्यात येईल, नातवंडांना त्या स्वतः काही देऊ शकतील. त्यांनी मृत्युपत्र करावं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, आणि त्यात काय लिहायचं ते विचारू नका.

जागा बघताना पाणी बघा. ऑगस्ट २०२४ तुम्ही बघितलंय, काला घोडा पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी ३५ च्या वर गेलं होतं, समा, हरणी, कारेलीबाग, मुजमहुडा, लोकांची तळमजल्याची घरं आतून गेली. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस. दलाल म्हणेल इथे कधीच पाणी येत नाही. त्याचं ऐकू नका, त्या गल्लीतल्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा की २०२४ ला पाणी कुठवर होतं, ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. भायली, सेवासी, बिल ही गावं २०२० मध्ये कॉर्पोरेशनमध्ये आली तरी प्रत्येक सोसायटीत ड्रेनेज पोचलंय का हे तिथे जाऊनच कळतं. प्लॉटच घेतलात तर एनए (बिनशेती) आहे का आणि रजा चिठ्ठी (बांधकामाची परवानगी) मिळेल का हे आधी, सॉइल टेस्ट करून घ्या कारण काळी माती असेल तर पाया महाग पडतो, आणि जोतं २०२४ च्या पाण्याच्या खुणेच्या वर. तयार घर असेल तर बीयू परमिशन (घर वापरायची परवानगी) बघा, ती नसेल तर लोन अडतं.

आईंची खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टपाशी, आत संडास-बाथरूम, दार तीन फुटी, आणि त्या खोलीला कडी आतून. स्लॅब तुमच्या हातात असेल तर झोपाळ्याचे हूक स्लॅब भरतानाच टाकायला सांगा, मागाहून ड्रिल करून बसवलेले मला तरी कधी भरवशाचे वाटले नाहीत.

आईला कसं समजवायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त समजलंय. सून म्हणून त्या त्या घरात आल्या तेव्हा आत्यांचं लग्न झालेलं होतं की नव्हतं मला माहीत नाही, पण नणंद-भावजय एका घरात काही वर्षं राहिल्या असतील, किंवा दर उन्हाळ्यात आत्या मुलांना घेऊन माहेरी आल्या असतील, चौकात पापड वाळत घातले असतील. त्या घरात आत्यांचंही काही आहे हे आईंना बहुतेक माहिती आहे आणि मुलं ते विसरून चाललीत हे त्या बघतायत. ‘तुम्हाला करायचं ते करा’ याचा मला तरी हाच अर्थ लागतो, चुकीचा असेल तर चुकीचा. त्यांना समजवायला बसू नका. देवघराशेजारी बसा, एक भांडं तुम्ही घासायला घ्या आणि विचारा, आई, आत्याला विचारायचं राहिलंय, आपण ग्वाल्हेरला जाऊ या का? मग बघा काय बोलतात.

आणि खरंच जा. फोन नको, कुरिअर तर अजिबात नको. दादाला पण बोलवा, तो पुण्याहून थेट तिथे येईल. आत्यांना आकडा सांगायचा, ६० लाख, स्पष्ट, त्यांच्या मुलांसमोर. त्या म्हणतील मला काय करायचंय या वयात, तर लगेच हो म्हणू नका, त्यांना त्यांच्या ओळखीच्या वकिलाला विचारायला सांगा, महिनाभर जाऊ द्या. घ्यायचे असतील तर त्यांचे आहेत, थोडे घ्यायचे असतील तर थोडे, सोडायचे असतील तर कोणाच्या नावाने सोडायचे हेही त्यांनीच ठरवायचं, आणि त्यांनी भावजयीच्या नावाने सोडले तर तोंड पाडू नका. त्यानंतरच बानाखत. पार्टी थांबली नाही तर जाऊ दे, पोळमधल्या घराला दुसरी पार्टी येते.

तिकीट काढताना आईंना लोअर बर्थ बघा. सोबत प्रॉपर्टी कार्डाची नक्कल आणि आजोबांच्या वेळचे काही फोटो असतील तर तेवढे न्या. सहीचे कागद या फेरीला घरीच ठेवा.